जखम खरी ठरवायला मेंदूचा फोटो कशाला?

किल्लारीचा भूकंप असो, माळीणची दरड असो, की एखाद्या मुलीवर घरातल्याच माणसाने केलेला अत्याचार असो. मनावरच्या आघाताचा विषय निघाला की आपल्याकडचा वाद दोन ठरलेल्या टोकांना जाऊन बसतो. एका टोकाला ‘आमच्या आजीने दोन मुलं पुरली, दुष्काळ काढला, तिला कुठे लागला होता समुपदेशक?’ असं विचारणारे. दुसऱ्या टोकाला मेंदूची रंगीत चित्रं घेऊन बसलेले: हा बघा धडधाकट मेंदू, हा बघा ट्रॉमा झालेला, इथे लाल, तिथे निळा, हा माणूस आता पूर्वीसारखा व्हायचा नाही. पहिल्यांना हे सगळं पोट भरलेल्यांचं खूळ वाटतं. दुसऱ्यांना वाटतं, स्कॅन दाखवला की वाद मिटला. माझं म्हणणं वेगळं आहे. आघात खरा असतो आणि तो शरीरातच घडतो, पण तो खरा ठरवायला कुणाचा फोटो लागत नाही. आणि त्या फोटोवरून ‘कायमचं बिघडलं’ असा निष्कर्ष तर मुळीच निघत नाही. आघातानंतर मागे राहणारी भीती मेंदू शिकलेला असतो. जे शिकलं गेलं, त्याच्या शेजारी नवं काही शिकवता येतं, आणि चांगला उपचार नेमकं तेच करतो. तेव्हा भांडायचंच असेल तर ते कुणी, कधी आणि कुठे शिकवायचं यावर भांडू या.

आजीचा दाखला देणाऱ्यांचं एक म्हणणं आधी मान्य करतो, कारण ते आकड्यांनीही खरं आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगातल्या सुमारे ७० टक्के माणसांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी जिवावर बेतणारा किंवा हादरवून टाकणारा प्रसंग येतो, त्यातल्या ५.६ टक्के लोकांनाच पुढे पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणावाचा आजार होतो. बहुतेक माणसं सावरतात. रडतात, काही आठवडे झोप उडते, मग हळूहळू बाजारहाट, शेत, नोकरी सुरू होते. ब्रेकअप झालं, साहेब ओरडला, तरी ‘मला ट्रॉमा झाला’ म्हणायची जी रीत पडली आहे तिचा मलाही कंटाळा येतो. सगळ्याच दुःखाला एक नाव दिलं की ज्याला खरोखर मदत हवी तो त्या गर्दीत हरवतो.

पण सरासरीच्या आड पुष्कळ काही लपतं. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत नैसर्गिक आपत्तीतून गेलेल्यांपैकी चार-पाच टक्क्यांना हा आजार झालेला दिसला. बलात्कार सोसलेल्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण जवळजवळ ४६ टक्के होतं. एवढी तफावत का? भूकंप कुणाचं नाव घेऊन येत नाही. त्यात सगळं गाव एकत्र रडतं, सरकार येतं, नातेवाईक येतात. माणसाने माणसावर केलेल्या अत्याचारात मात्र जग सुरक्षित असल्याचा भरवसाच तुटतो, आणि वर ‘कुणाला सांगू नकोस’ हे ऐकावं लागतं. आघातानंतर माणूस सावरेल की नाही हे ठरवणाऱ्या मोठ्या गोष्टींत भोवतालच्यांचा आधार येतो, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आजी सावरली असेल तर ती पोलादाची होती म्हणून, की तिच्या दाराशी आळी जमली होती म्हणून? आणि जिच्या दाराशी कुणीच जमलं नाही, त्या आजीचं काय झालं?

तिचं काय झालं हे थोडंफार कळायला एक मार्ग आहे. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. परंपरेच्या बाजूने बोलणारे म्हणतात, हीच आमची थेरपी होती. पहाटेच्या अंधारात बाई दळता दळता मन मोकळं करायची. हा मुद्दा मला पटतो, वरवरचा म्हणून तो झटकून टाकता येणार नाही. पण मग त्याच तोंडाने ‘आजीला काही झालं नव्हतं’ कसं म्हणता येईल? सासुरवास, एकटेपणा, मेलेलं लेकरू, मारझोड यांनी ओव्यांचे ढीग भरले आहेत. आजीला काही झालं नाही म्हणणाऱ्यांनी आजी काय म्हणत होती ते आधी ऐकावं. शिवाय जातं गेलं, त्याच्यासमोर बसणारी दुसरी बाईही गेली. आता पिठाची गिरणी आहे आणि तीत आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. जुना आधार आपण मोडला, नवा उभारला नाही, आणि वर जुन्याचे गोडवे गातो आहोत.

आता मेंदूकडे येऊ. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. धोका एकदा ओळखला की मेंदू त्याच्यासारखं दिसणारं, वाजणारं, वासाचं सगळंच धोक्याच्या खात्यात टाकतो. या कामात अमिग्डाला नावाचा छोटासा भाग पुढे असतो. अॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, आणि हे सगळं ‘काय झालं?’ असा विचार मनात येण्याआधी. नेहमीच्या आठवणीला जागा आणि वेळ चिकटवण्याचं काम हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या दुसऱ्या भागाचं. ‘हे तेव्हा झालं, तिथे झालं, आता मी इथे आहे’ असं आपण सहज म्हणतो ते त्याच्या जोरावर. आघाताच्या क्षणी ही सांगड नीट बसत नाही, असं अनेक संशोधक मानतात. त्यामुळे ती आठवण मागची म्हणून येत नाही. आत्ता घडतंय अशी येते. कपाळामागचा पुढचा मेंदू एरवी ‘अरे, तो फटाका आहे’ असं सांगून अमिग्डालाला आवरतो. पीटीएसडीत हा लगाम सैल पडलेला आढळतो.

माणसाचं सोडा, घंटा वाजली की लाळ गळावी अशा सवयी कुत्र्यांना शिकवणारे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह, त्यांच्या कुत्र्यांनाही हे चुकलं नाही. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला पूर आला, प्रयोगशाळेत पाणी शिरलं आणि पिंजऱ्यातले कुत्रे छताशी नाक लावून पोहत राहिले. त्यांना वाचवलं, पण वाचवण्यासाठी पिंजऱ्याच्या खालच्या दारातून, म्हणजे पाण्याखालूनच बाहेर ओढावं लागलं. नंतर त्यातल्या काहींचं पूर्वीचं शिक्षण पार पुसलं गेलेलं दिसलं. बऱ्याच दिवसांनी एक कुत्रा ताळ्यावर आला असं वाटत असताना दाराखालून पाण्याची साधी धार सोडली, तर तो पुन्हा बिथरला. त्या कुत्र्याला सोशल मीडियावरून ट्रॉमाचं खूळ लागलं होतं काय?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी-सास्तूर परिसरात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक आपल्याच घराच्या जाड दगडमातीच्या भिंतींखाली. त्यानंतर कित्येक लोक छपराखाली झोपायला धजेनात. ही भीती आजार होती का? सुरुवातीला मुळीच नाही. ती भिंत खरंच मारणारी होती आणि धक्केही चालू होते. भीतीचा आजार होतो तो धोका संपल्यावरही ती हटत नाही तेव्हा. नव्या, भक्कम घरात ट्रकच्या हादऱ्यानेही माणूस पोरं उचलून अंगणात पळतो तेव्हा. हा फरक स्कॅनमध्ये दिसत नाही. तो माणसाशी बोलून, तो कुठे राहतो, काय टाळतो, कसा झोपतो हे विचारून कळतो.

म्हणूनच रंगीत चित्रांचा आधार घेणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ‘ट्रॉमामुळे हिप्पोकॅम्पस आकसतो’ हे वाक्य आता सगळीकडे फिरतं. २००२ साली मार्क गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्या भावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीतला एक व्हिएतनामच्या लढाईत गेलेला, दुसरा घरी राहिलेला. पीटीएसडी झालेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान होता हे खरं. पण लढाई न पाहिलेल्या त्यांच्या जुळ्या भावांचाही लहानच निघाला. म्हणजे हा लहानपणा, काही अंशी तरी, आघाताचा परिणाम नसून आधीपासूनचा कच्चा दुवा असावा. मेंदूत काहीच बदलत नाही, असा याचा अर्थ नव्हे. पण अशा अभ्यासांत गटांच्या सरासरीची तुलना असते; एका माणसाचा स्कॅन पाहून त्याला पीटीएसडी आहे की नाही हे आज कुणीच सांगू शकत नाही. मग जी बाई आधीच ‘मी मोडले’ म्हणते आहे, तिच्या हातात ‘तुझा मेंदू आकसला’ हे चित्र देऊन आपण नेमकं काय साधतो?

शरीरात खूण दाखव, मगच विश्वास ठेवतो, या हट्टाचा इतिहास काही गौरवाचा नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतले सैनिक थरथरायला, मुके व्हायला लागले. १९१५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हे नाव वापरलं. तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदूला प्रत्यक्ष इजा होत असावी, असा समज होता. पण जवळपास गोळाही पडला नव्हता असे सैनिकही तसेच थरथरत आले. तेव्हा ब्रिटिश लष्कराने काय केलं? दोन शिक्के पाडले. शत्रूच्या गोळ्याने झालेला शेल शॉक म्हणजे जखम. त्याला जखमीचा मान आणि पेन्शनचा हक्क. बाकीचा नुसता आजार. त्याला यातलं काही नाही. तेच थरथरणं, तीच दुःस्वप्नं, पण खूण दाखवता आली नाही म्हणून एक वीर आणि दुसरा भित्रा. पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांवरून त्या युद्धात गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ साली. आपल्याकडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी आजच्या इराकमधल्या कूतच्या वेढ्यात उपाशी लढल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये तुर्कांच्या कैदेत गेल्या. सातारा भागात गावातून किती गेले आणि किती परतले नाहीत हे सांगणाऱ्या पाट्या आजही आहेत. परत आलेले पुढे कसे झोपले, याची पाटी कुणी लावली नाही. नोंद नाही म्हणून त्रास नव्हता असं म्हणणं किती सोयीचं!

खूण मागण्याची किंमत आपल्या न्यायालयातही कुणीतरी मोजली आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. अंगावर जखमा नाहीत, झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, असा तो तर्क होता. आज आपल्याला ठाऊक आहे की जीव मुठीत आला की शरीर लढतं, पळतं, तसंच गोठतंही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर मदतकेंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांच्या अभ्यासात ७० टक्के स्त्रियांनी, त्या वेळी हातपाय हलवता येत नव्हते, असा ठळक अनुभव सांगितला. हा अभ्यास २०१७ चा. ‘ओरडली का नाहीस?’ या प्रश्नाचं उत्तर कित्येकदा ‘ओरडता येत नव्हतं’ एवढंच असतं. उलटतपासणीत घटनांचा क्रम चुकला की साक्षीदार खोटा, हा समजही असाच कच्चा आहे. आघाताच्या वेळी लक्ष एका गोष्टीवर खिळतं आणि बाजूचा तपशील, वेळ, क्रम निसटतात. त्या खोलीत त्या रात्री काय घडलं ते मेंदूशास्त्र सांगू शकत नाही. पण एक लक्षात घ्या: १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून संमती आणि हतबल शरणागती यांतला फरक मांडला, तेव्हा त्यांच्या हाती एकही स्कॅन नव्हता. त्या पत्राने पेटलेल्या चळवळीतून १९८३ ची कायदादुरुस्ती आली. न्यायाला विज्ञानाचं पाठबळ मिळालं तर उत्तमच, पण त्याची वाट पाहायची गरज नव्हती.

मग मेंदूचं एवढं ज्ञान कशाला हवं? उपचार कोणता करावा आणि कोणता करू नये, हे कळायला. सगळ्यांत लोकप्रिय कल्पना घ्या: दुर्घटना झाली की लगेच लोकांना बोलतं करा, मनातलं बाहेर काढा. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. जगभर अशी एका बैठकीची ‘डीब्रीफिंग’ शिबिरं झाली आणि मग त्यांची रीतसर चाचणी झाली. फायदा दिसला नाही. इंग्लंडमध्ये रस्ता अपघातातल्या जखमींचा तीन वर्षं पाठपुरावा केला तेव्हा, सुरुवातीला ज्यांना जास्त त्रास होता त्यांच्यापैकी असं बोलतं केलेले लोक अजून त्रासात होते. ज्यांना तसंच सोडलं ते बरेच सावरले होते. आठवण अजून ओली असताना, सुरक्षितता नसताना ती एकदाच उकरून सोडून देणं म्हणजे भीती पुन्हा पक्की करणं असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच हे करू नका असं सांगितलं आहे. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या त्रासावर झोपेच्या-घबराटीच्या बेंझोडायझेपिन गोळ्या देऊ नका, असंही. आपल्याकडे मात्र दरड कोसळलेल्या गावात सर्वांत आधी पोचतो तो वाहिनीचा माईक, ‘आत्ता तुम्हाला काय वाटतंय?’ विचारत, आणि त्यानंतर गोळ्यांचं पाकीट. पहिल्या दिवसांत लागतं ते वेगळंच: अन्न, आडोसा, हरवलेल्या माणसांची खरी बातमी, आपल्या माणसांजवळ राहण्याची सोय. कुणाला बोलायचं असेल तर ऐकणारं कुणीतरी, इतकंच.

खरा उपचार त्यानंतर, ज्यांचा त्रास महिन्याभरानेही उतरत नाही त्यांच्यासाठी. त्यात गूढ काही नाही. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत माणूस ती घटना डोळे मिटून, आत्ता घडते आहे अशी सांगतो, पुन्हा सांगतो, ते रेकॉर्ड करून घरी रोज ऐकतो. जी जागा, जो रस्ता टाळत होता तिथे पायरी पायरीने जातो. साधारण आठ ते पंधरा बैठकांत अंगाला कळायला लागतं की आठवण म्हणजे घटना नव्हे. दुसऱ्या मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांची पद्धत अडकून पडलेल्या विचारांवर काम करते: ‘त्या रात्री मी मुलाला बाहेर ओसरीवर झोपू दिलं असतं तर’ हा विचार घेऊन कुणी तीस वर्षं जगत असेल, तर त्याला ‘तुझा दोष नाही’ असं नुसतं सांगून भागत नाही, भूकंप येणार हे त्याला माहीत असायला हवं होतं हे कुठून आलं, ते त्याच्याकडूनच तपासून घ्यावं लागतं. ईएमडीआर नावाच्या तिसऱ्या पद्धतीत डोळे डावी-उजवीकडे फिरवत आठवण जागवतात. उपयोग होतो, पण तो डोळ्यांमुळे की आठवणीला सामोरं गेल्यामुळे, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. मूळ आठवण यातल्या कशानेच पुसली जात नाही. शिकलेली प्रतिक्रिया विझवली तरी पुन्हा उसळू शकते हे पावलोव्हलाही दिसलं होतं. जुन्या धड्याशेजारी नवा धडा बसतो आणि पुढच्या मेंदूचा लगाम पुन्हा हाताशी येतो. सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही. चांगल्या चाचण्यांतही बरेच जण मध्येच सोडतात किंवा अर्धेच सुधारतात. पण ‘मन घट्ट कर, विसर’ या उपायाची चाचणी तर युद्धकाळातच झाली होती. निलगिरीतल्या तोडा लोकांचा अभ्यास करून गेलेले डॉक्टर रिव्हर्स पुढे स्कॉटलंडमध्ये सैनिकांवर उपचार करत होते. विसरायचा सल्ला मिळालेले सैनिक रात्री आणखी बिघडतात, असं त्यांनी १९१८ मध्ये लिहून ठेवलं आहे.

राहिला सर्वांत दणकट आक्षेप: एवढे थेरपिस्ट आणणार कुठून? शहरात एका सेशनचे हजार-दोन हजार मोजावे लागतात, राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचाराचा हक्क दिला, २०२२ मध्ये १४४१६ हा मानसिक मदतीचा टेलिमानस क्रमांक सुरू झाला, बलात्कारपीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजनेत समुपदेशनाची तरतूद आहे. कागद भरलेले आहेत, तालुक्याला माणूस नाही. हे सगळं खरं. पण यावरून ‘म्हणून सोडून द्या’ हे निघतं का? गोव्यात संगात या संस्थेने मानसोपचाराचं कसलंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ बैठकांचं काम करायला लावलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे चांगले निष्कर्ष आले. ते नैराश्याचं काम होतं, आघाताचं नव्हे, असं कुणी म्हणेल. तर युगांडातल्या नाकिवाले निर्वासित वसाहतीत निर्वासितांमधूनच तयार केलेल्या समुपदेशकांनी रवांडा-सोमालियातून आलेल्यांवर आघाताचाच उपचार केला, आणि तोही लागू पडला.

त्यामुळे माझी मागणी लहान आहे. आपत्ती आली की तलाठी पंचनामा करतो: घर, गोठा, जनावर, पीक. तो पहिल्या आठवड्यात होतो आणि तसाच व्हायला हवा. मनाची चौकशी पहिल्या आठवड्यात करण्यात अर्थ नाही, हे वर आलंच आहे. ती महिन्याने आणि पुन्हा सहा महिन्यांनी, शिकवलेल्या माणसाने दारी जाऊन करायला हवी, आणि गरज दिसेल त्याला तालुक्याच्याच दवाखान्यात दहा-बारा बैठका मिळायला हव्यात. हे काम आशाताईंच्या डोक्यावर फुकटात टाकायचं नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. ते मानधन आपत्ती व्यवस्थापनाने द्यायचं की आरोग्य खात्याने, यावर कुणाला वाद घालायचा असेल तर माझी तयारी आहे.